आजीच्या ओठांवरची अमानत

पाचशे वर्षांपूर्वी स्पेनमधून हद्दपार झालेल्या यहुद्यांनी उस्मानी मुलुखात जपलेली लादिनो भाषा आज म्हाताऱ्या माणसांच्या तोंडीच उरली आहे. ती पुढच्या पिढीच्या हाती देण्यासाठी इस्तंबूलपासून सिएटलपर्यंत चाललेल्या धडपडीची ही हकीकत.

१९४१ साल. युगोस्लाव्हिया नाझींच्या आणि त्यांच्या साथीदारांच्या ताब्यात गेला होता. तिथल्या यहुदी कुटुंबांना आगगाड्यांत कोंबून मृत्यूच्या छावण्यांकडे नेले जात होते. अशाच एका गाडीतून सारायेव्हो शहराचा मोरिस अल्बाहारी नावाचा कोवळ्या वयाचा मुलगा निसटला. पुढे त्याची गाठ पडली इटलीच्या सैन्यातल्या एका कर्नलशी. इटली तेव्हा हिटलरच्या बाजूने लढत होता. त्या मुलाने कर्नलशी बोलायला घरात आई-आजीशी बोलायची भाषा वापरली. इटालियन माणसाला ती बऱ्यापैकी उमगली. कर्नलने त्याला पकडून देण्याऐवजी वाचवले, आणि मुलगा डोंगरातल्या बंडखोरांपर्यंत पोहोचला.

तीन वर्षांनी, १९४४ मध्ये, तीच भाषा पुन्हा कामाला आली. एक अमेरिकी वैमानिक आणि त्याचे सोबती शत्रूच्या मुलुखात अडकले होते. वैमानिकाला स्पॅनिश येत होती. मोरिस आपल्या घरच्या भाषेत बोलला, वैमानिकाला समजले, आणि मोरिसने त्या सगळ्यांना बंडखोरांच्या सुरक्षित विमानतळापर्यंत नेऊन सोडले.

ही घरची भाषा म्हणजे लादिनो. म्हातारपणी मात्र मोरिस अल्बाहारींना आपल्याच गावात या भाषेत बोलायला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसे उरली होती. त्यांच्या आयुष्यावर निघालेल्या माहितीपटाच्या नावाचा अर्थच ‘भाषेने वाचवलेला’ असा आहे. भाषेने माणसाला वाचवले. आता माणसे त्या भाषेला वाचवतील का, हा प्रश्न आहे.

कुरआनातील सूरह रूममध्ये आकाश आणि धरतीच्या निर्मितीबरोबरच माणसांच्या भाषांतले आणि रंगांतले वेगळेपण ही अल्लाहची निशाणी सांगितली आहे. रमजान हा कुरआन अवतरला तो महिना. या महिन्यात अशा एका निशाणीची ओळख करून घ्यायला हरकत नाही, आणि ती आपली नाही म्हणून तर मुळीच नाही. शेजाऱ्याच्या घरातला दिवा मंद झाला तर त्याची विचारपूस करणे हाही शेजारधर्मच.

एका वर्षात दोन घरे उठली

१४९२ हे साल शाळेच्या पुस्तकात कोलंबसाचे म्हणून शिकवले जाते. त्याच वर्षी २ जानेवारीला ग्रनाडा पडले आणि स्पेनमधली अखेरची मुस्लिम सत्ता संपली. पुढे तीन महिन्यांच्या आत, ३१ मार्चला, राजा फर्डिनांड आणि राणी इसाबेला यांनी फर्मान काढले: यहुद्यांनी ख्रिस्ती व्हावे, नाहीतर जुलैअखेर देश सोडावा. शतकानुशतके ज्या मातीत राहिले ती सोडून हजारो कुटुंबे निघाली. तिथल्या मुसलमानांच्या वाट्यालाही पुढे तेच आले. आधी सक्तीचे धर्मांतर, आणि १६०९ पासून हद्दपारी.

यहुद्यांपैकी काही पोर्तुगालला गेले, काही मोरोक्कोला. मोठा ओघ उस्मानी साम्राज्याकडे वळला. सुलतान बायजीद दुसरा याने त्यांना आपल्या राज्यात जागा दिली. इस्तंबूल, सलोनिका, एदिर्ने आणि पुढे सारायेव्हो, इझमीर इथे त्यांच्या वस्त्या उभ्या राहिल्या. हिब्रूत ‘सेफाराद’ म्हणजे स्पेन, म्हणून हे सेफार्दी. स्पेनमधल्या घराच्या किल्ल्या पिढ्यान्‌पिढ्या जपल्याचे त्यांच्यातली कुटुंबे सांगतात.

या स्वागताचे चित्र फार गुलाबी रंगवू नये. उस्मानी राज्यात यहुद्यांना जिझिया भरावा लागे, आणि दर्जा मुसलमानांच्या बरोबरीचा नव्हता. पण धर्म त्यांचा, शाळा त्यांच्या, आपसातला न्यायनिवाडा त्यांचा आणि भाषाही त्यांचीच राहिली. येताना त्यांनी छापखाना आणला. १४९३ मध्ये इस्तंबूलमध्ये त्यांचे हिब्रू पुस्तक छापून निघाले. त्या शहरात तुर्की पुस्तके छापायला त्यानंतर दोनशेहून जास्त वर्षे लागली.

खबर, अदेत आणि खानमिका

लादिनोचा सांगाडा पंधराव्या शतकातल्या स्पॅनिशचा. स्पेनमध्ये ती भाषा बदलत गेली. इथे परक्या मुलुखात तिचे जुने उच्चार टिकून राहिले. साबणाला आजच्या स्पॅनिशमध्ये ‘खाबोन’ म्हणतात, लादिनोत ‘शावोन’. स्पॅनिश पाखरू ‘पाखारो’, लादिनो पाखरू ‘पाशारो’. स्पॅनिशमधला जुना ‘श’ पुढे घशात गेला आणि ‘ख’ झाला. लादिनोत तो होता तसाच राहिला. आपल्याकडेही शहरात विसरलेला एखादा शब्द दूरच्या खेड्यातल्या म्हातारीच्या तोंडी सापडतो, तसेच हे.

या सांगाड्यावर हिब्रू, अरबी, तुर्की, ग्रीक आणि नंतर फ्रेंच शब्दांचे मांस चढले. त्यातले कितीतरी शब्द आपल्या कानाला ओळखीचे वाटतील. बातमी म्हणजे ‘हाबेर’, आपली खबर. रीत म्हणजे ‘अदेत’, उर्दूतल्या आदतची बहीण. पाहुणा म्हणजे ‘मुसाफिर’. आपण प्रवाशाला मुसाफिर म्हणतो. तुर्कीने त्याला घरात बसवून पाहुणा केले आणि लादिनोने तोच अर्थ घेतला. तुर्की ‘हानुम’ म्हणजे आपली खानम. तिला स्पॅनिश लाडका प्रत्यय जोडून ‘हानुमिका’ असा शब्द झाला. छोट्या मुलीला किंवा घरच्या बाईला लाडाने म्हणायचा. दख्खनी बोलणाऱ्या घरात मराठीतला ‘नको’ जसा ‘नक्को’ होऊन बसला आहे, तशीच ही लेनदेन.

दोन शब्दांची कथा तर मुद्दाम सांगण्यासारखी आहे. स्पॅनिशमध्ये रविवारला ‘दोमिंगो’ म्हणतात. त्याचा मूळ अर्थ प्रभूचा दिवस, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेतला. यहुद्यांनी तो शब्द टाळला आणि अरबीतला ‘अल्हाद’ घेतला. अहद म्हणजे एक. आठवड्याचा पहिला दिवस. दुसरा शब्द देवाचा. स्पॅनिशमध्ये देव ‘दिओस’. शेवटचा ‘स’ अनेकवचनासारखा ऐकू येतो, आणि देव तर एकच. म्हणून त्यांनी तो ‘स’ सोडून ‘एल दिओ’ केले असे सांगतात. ईश्वराच्या एकत्वाचा आग्रह व्याकरणापर्यंत पोहोचल्याचे हे उदाहरण कोणाही मोमिनाला भावेल.

म्हणींतही ओळख पटते. ‘देव उशीर करतो, पण विसरत नाही’ ही त्यांची म्हण ऐकली की ‘उसके घर देर है, अंधेर नहीं’ आठवते. ‘गोड तोंड लोखंडी दारे उघडते’ असे त्यांच्या आज्या म्हणत. मूल शिंकले की त्याला दीर्घायुष्याचा आशीर्वाद देत: जग, मोठा हो, ताज्या पाण्यातल्या माशासारखा वाढ.

नावाबद्दलही एक गोष्ट. काटेकोर बोलायचे तर ‘लादिनो’ हे धर्मग्रंथांच्या शब्दशः भाषांतराच्या भाषेचे नाव. हिब्रूच्या एकेका शब्दाखाली स्पॅनिशचा एकेक शब्द. शाह रफीउद्दीन यांचा कुरआनचा उर्दू तर्जुमा ज्यांनी पाहिला असेल त्यांना ही पद्धत लगेच समजेल. बाजारात आणि स्वयंपाकघरात बोलली जाई तिला लोक ‘जुदेझ्मो’, ‘जुदिओ’ किंवा नुसते ‘स्पान्योल’ म्हणत, मोरोक्कोकडे ‘हाकेतिया’. आज सगळ्याच रूपांना लादिनो म्हणण्याची पद्धत पडली आहे.

लिहायची लिपी हिब्रू वळणाची. छापायला ‘राशी’ नावाचे टाइप आणि हाताने लिहायला ‘सोलित्रेओ’ हे जोडाक्षरी, झरझर धावणारे वळण. आपल्याकडे मोडीतले जुने दस्त घरात असतात, पण वाचणारा शोधावा लागतो. सेफार्दी घरांत सोलित्रेओची तीच गत आहे. ट्रंकेत आजोबांची पत्रे आहेत, आणि नातवाला एक अक्षर लागत नाही.

शनिवारी बंद राहणारे बंदर

या भाषेची राजधानी होती सलोनिका, म्हणजे आजच्या ग्रीसमधले थेसालोनिकी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथली जवळजवळ निम्मी वस्ती यहुद्यांची होती. बंदरातले हमाल यहुदी, कोळी यहुदी, व्यापारी आणि छापखानेवालेही यहुदी. त्यांचा सब्बाथ शनिवारी, म्हणून शनिवारी बंदरच बंद राही. बाजारात धंदा करायचा तर ग्रीक आणि तुर्क दुकानदारांनाही कामापुरती लादिनो यावी लागे. एका धर्माची म्हणून ओळखली जाणारी भाषा साऱ्या शहराची देवघेवीची भाषा झाली होती.

साहित्यही कमी नव्हते. १७३० मध्ये इस्तंबूलमध्ये याकोव्ह कुली या धर्मपंडिताने ‘मेआम लोएझ’ हे तौरातवरचे विस्तृत विवेचन लादिनोत सुरू केले, कारण साध्या माणसाला हिब्रू समजत नव्हती. घरोघरी ते मोठ्याने वाचले जाई. एकोणिसाव्या शतकात वर्तमानपत्रे आली. सलोनिकात सादी हलेवी यांनी १८७५ मध्ये ‘ला एपोका’ सुरू केले. इस्तंबूलमध्ये ‘एल तिएम्पो’ १८७२ पासून १९३० पर्यंत चालले. नाटके, कादंबऱ्या, विनोदी अंक आणि फ्रेंच कादंबऱ्यांची रूपांतरे यांचा सुकाळ झाला. सादी हलेवींनी म्हातारपणी सोलित्रेओत आपल्या आठवणी लिहिल्या. ते हस्तलिखित जेरुसलेमच्या ग्रंथालयात टिकून राहिले आणि २०१२ मध्ये इंग्रजी अनुवादासह छापून जगापुढे आले.

आधी शरम आली

लादिनोचा घात युद्धाने केला हे खरे. पण युद्धाच्या आधी शरम आली होती. १८६० मध्ये पॅरिसमध्ये स्थापन झालेल्या ‘आलिआन्स’ या यहुदी संस्थेने पूर्वेकडच्या यहुदी मुलांसाठी शाळा काढल्या. मुली शिकल्या, मुलांना नोकऱ्या मिळाल्या. शिक्षणाची ही कमाई मोठी होती. पण शाळा फ्रेंच, आणि घरची भाषा शिक्षकांच्या नजरेत ‘भेसळ बोली’. शाळेतून घरी आलेली मुलगी आईला फ्रेंचमध्ये उत्तर देऊ लागली आणि आईला त्याचा अभिमान वाटू लागला. आणखी मोठे आश्चर्य ‘एल तिएम्पो’चे. त्याचे संपादक दाविद फ्रेस्को आयुष्यभर लादिनोत पत्र चालवत होते, आणि यहुद्यांनी ही भाषा सोडून तुर्की स्वीकारावी असे त्याच भाषेत लिहीतही होते.

मग राष्ट्रे आली. १९१२ मध्ये सलोनिका ग्रीसकडे गेली. १९२३ मध्ये तुर्की प्रजासत्ताक झाले. १९२८ मध्ये इस्तंबूलच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी ‘नागरिका, तुर्की बोल’ ही मोहीम सुरू केली. भिंतींवर आणि सार्वजनिक ठिकाणी पाट्या लागल्या. रस्त्यात लादिनो, ग्रीक किंवा आर्मेनियन बोलणाऱ्याला हटकले जाऊ लागले. ज्या मुलुखाने चारशे वर्षे ही भाषा नांदू दिली त्याच मुलुखात ती हळू आवाजात बोलायची गोष्ट झाली. हे लिहिताना कोणी आपले-परके करू नये. सुलतानाचे स्वागत ज्या अभिमानाने सांगायचे, त्याच प्रामाणिकपणे ही मोहीमही सांगायला हवी.

त्याच वर्षी तुर्कीने अरबी लिपी सोडून रोमन लिपी घेतली. लादिनोही हळूहळू रोमन अक्षरांत लिहिली जाऊ लागली आणि नव्या पिढीचा जुन्या पुस्तकांशी संबंध तुटला. आईबापांनी मुलांशी तुर्की बोलायचे ठरवले. मुलांपासून काही लपवायचे असले की मात्र ते आपसात लादिनो बोलत. पुष्कळ घरांत मुलांना लादिनो समजायची, बोलता यायची नाही, त्याचे कारण हेच.

दगडावर कोरलेले शब्द

मार्च १९४३ मध्ये सलोनिकातून पहिली गाडी ऑश्विट्झकडे निघाली. ऑगस्टपर्यंत गाड्या जात राहिल्या. चाळीस हजारांहून अधिक माणसे गेली आणि त्यांतली फारच थोडी परतली. १९४४ च्या जुलैमध्ये ऱ्होड्स बेटावरच्या यहुद्यांना नेले. एका पिढीत त्या भाषेचे शहरच नाहीसे झाले. सलोनिकातले यहुद्यांचे प्रचंड कब्रस्तान १९४२ मध्येच उखडले गेले होते. आज त्या जागेवर विद्यापीठ उभे आहे.

ऑश्विट्झमधून जिवंत परतलेल्यांत हाइम विदाल सेफिहा होते. जन्म ब्रसेल्सचा, आईवडील इस्तंबूलचे. रसायनशास्त्र शिकायला निघालेला हा माणूस पुढे पॅरिसमध्ये आपल्या मातृभाषेचा प्राध्यापक झाला. १९७७ मध्ये त्यांनी आपल्या समाजाच्या या अखेरच्या घरघरीवर पुस्तक लिहिले आणि दोन वर्षांनी ‘विदास लार्गास’ ही संस्था काढली. नावाचा अर्थ ‘दीर्घायुष्य’.

बिर्केनाऊच्या छावणीत स्मारकापाशी वेगवेगळ्या भाषांतल्या शिला आहेत. तिथे मारल्या गेलेल्यांच्या त्या भाषा. लादिनोची शिला त्यांत नव्हती. अखेरच्या क्षणी ज्या भाषेत हजारो मुलांनी आईला हाक मारली असेल, तिची तिथे नोंदच नव्हती. सेफिहा आणि त्यांच्या साथीदारांनी पाठपुरावा केला आणि २००३ मध्ये लादिनोची शिला बसली. भाषा वाचवणे म्हणजे जिवंतांना शिकवणे, तसेच मेलेल्यांची आठवण त्यांच्याच शब्दांत ठेवणे, हे सेफिहांनी दाखवून दिले.

जपणारे हात

आज युनेस्कोच्या नोंदीत ही भाषा गंभीर धोक्यात असलेल्यांपैकी एक आहे. जन्मापासून ती बोलणारे बहुतेक जण साठी-सत्तरी ओलांडलेले आहेत. तरी जगाच्या चार कोपऱ्यांत काही हात तिला धरून आहेत.

इस्तंबूलमध्ये ‘शालोम’ हे साप्ताहिक १९४७ मध्ये सुरू झाले तेव्हा त्यात लादिनोच जास्त असे. पुढे वाचक बदलले आणि पत्र तुर्की झाले. लादिनोला एक पान उरले. २००५ मध्ये याच पत्राने ‘एल अमानेसेर’ हे महिन्याचे पत्र काढले, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत फक्त लादिनोत. नावाचा अर्थ ‘उजाडणे’. सहेरीनंतर पूर्वेला जो उजेड फुटतो तो. संपादक कारेन गेर्शोन शारहोन यांनी १९७८ मध्येच मित्रांबरोबर ‘लोस पाशारोस सेफारादिस’ (सेफार्दी पाखरे) हा गाणाऱ्यांचा चमू उभा केला होता. म्हाताऱ्यांकडून गाणी गोळा करायची, ती ध्वनिमुद्रित करायची आणि मंचावर गायची. तुर्कीत आज यहुदी उरले आहेत पंधरा हजारांच्या आसपास. त्यांच्यासाठी अख्खे पत्र लादिनोत काढणे हे धाडसच आहे.

इस्रायलमध्ये हिब्रूच्या आग्रहापुढे लादिनो मागे पडली होती. इझमीरमध्ये जन्मलेले मोशे शाउल तिथे रेडिओवर लादिनो कार्यक्रम करत. १९७९ मध्ये त्यांनी ‘अकी येरुशालाइम’ हे नियतकालिक काढले आणि साडेतीन दशके चालवले. त्यांनी रोमन अक्षरांत लिहिण्याची साधी पद्धत बसवून दिली. ऐकू येते तसे लिहायचे. आजच्या स्पॅनिशपेक्षा वेगळे दिसावे हाही त्यात फायदा होता, कारण लादिनोला खरा धोका मोठ्या बहिणीकडूनही आहे. म्हातारे बोलणारे स्पॅनिश माणूस समोर आला की आपलेच शब्द चुकीचे समजून ‘शुद्ध’ करू लागतात. १९९७ पासून तिथे लादिनोसाठी सरकारी प्राधिकरण काम करते आहे. देशाचे माजी राष्ट्राध्यक्ष यित्झाक नावोन हे त्याचे प्रमुख होते.

स्पेनलाही आपली चूक उशिरा आठवली. २०१५ मध्ये त्या देशाने सेफार्दींच्या वंशजांना नागरिकत्व देण्याचा कायदा केला. अर्ज करण्यासाठी जे पुरावे चालत, त्यात ‘घरात लादिनो बोलली जाते’ हाही एक होता. मुदत २०१९ मध्ये संपेपर्यंत लाखाहून अधिक अर्ज आले. २०१८ मध्ये स्पेनच्या राजेशाही भाषा अकादमीने लादिनोसाठी इस्रायलमध्ये स्वतंत्र अकादमी उभारण्याचे पाऊल उचलले. ज्या भाषेला १४९२ मध्ये देशाबाहेर काढले तिला सव्वापाचशे वर्षांनी मान मिळाला.

अमेरिकेतल्या सिएटल शहरात ऱ्होड्स आणि मार्माराच्या काठावरून गेलेल्या सेफार्दींची जुनी वस्ती आहे. तिथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक डेव्हिन नार यांनी लोकांना माळ्यावरच्या पेट्या उघडायला लावल्या. पुस्तके, पत्रे, लग्नाचे करार, गाण्यांच्या वह्या निघाल्या. त्या सगळ्यांची संगणकावर नोंद करून खुला संग्रह उभा राहतो आहे. नार यांनी स्वतः सोलित्रेओ शिकली ती सलोनिकात मागे राहिलेल्या आणि छावणीत मारल्या गेलेल्या नातलगांची पत्रे वाचण्यासाठी. २०१३ पासून तिथे दरवर्षी लादिनो दिवस साजरा होतो. २०२१ पासून ऑक्सफर्डनेही दुर्मिळ यहुदी भाषांचे मोफत वर्ग सुरू केले, त्यात लादिनो आहे.

मातिल्दा कोएन-सारानो यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी बायकांच्या तोंडून गोष्टी ऐकून टिपल्या. त्या गोष्टींचा नायक ‘जोहा’. कधी शहाणा, कधी बावळट, पण शेवटी सगळ्यांना चकवणारा. हा जोहा कोण, ते ओळखायला वेळ लागत नाही. तुर्कीतला नसरुद्दीन होजा, आपल्याकडचा मुल्ला नसरुद्दीन तो हाच. मडक्यात रोज एक खडा टाकून रोजे मोजणारा आणि मुलीने मूठभर खडे ओतल्यावर हिशेब चुकलेला तो होजा यहुदी आजीच्या अंगणात जोहा होऊन बसला होता.

आणि फ्लोरी जागोदा. १९२३ मध्ये सारायेव्होत जन्म. गाणी शिकल्या त्या नोनाकडून, म्हणजे आजीकडून. १९४१ मध्ये झाग्रेबहून पळताना सावत्र वडिलांनी त्यांना एकटीला गाडीत बसवून सांगितले की कोणाशी बोलू नकोस, अकॉर्डियन वाजवत राहा. मुलगी वाजवत राहिली, डब्यातले लोक गाऊ लागले आणि तिकीट-कागद कोणी विचारलेच नाहीत. आजी आणि बाकीचे कुटुंब मारले गेले. फ्लोरी अमेरिकेत गेल्या आणि २०२१ मध्ये जग सोडेपर्यंत आजीची गाणी गात, शिकवत राहिल्या. त्यांनी स्वतः रचलेले दिव्यांच्या सणाचे लादिनो गाणे आज ज्या मुलांना ती भाषा येत नाही तीही म्हणतात.

सारायेव्होची आणखी एक आठवण या पानावर यायलाच हवी. तिथल्या यहुद्यांनी १८९२ मध्ये ‘ला बेनेवोलेन्सिया’ ही मदतसंस्था काढली. नाव त्यांच्याच भाषेतले, अर्थ परोपकार. बरोबर शंभर वर्षांनी, १९९२ मध्ये, शहराला वेढा पडला तेव्हा या संस्थेने दवाखाना, औषधालय आणि लंगरासारखे स्वयंपाकघर चालवले. मुसलमान, सर्ब, क्रोएट, यहुदी, कोणाला नाव विचारले नाही. भुकेल्या मुसलमान शेजाऱ्याला त्या शहरात ज्या दारातून सूप मिळाले त्या दारावर लादिनोतला शब्द होता.

कोकणातली सखी

या गोष्टीला मराठीतही एक पदर आहे. अलिबाग, पेण, रेवदंडा या भागातले बेने इस्रायल, ज्यांना कोकणात ‘शनिवार तेली’ म्हणत, ते घरात मराठीच बोलत. त्यांच्या प्रार्थनेची भाषा हिब्रू, पण नित्याची मराठी. तौरातमधल्या कथांवर मराठी कीर्तने त्यांनी रचली. १९४८ नंतर त्यांतले बहुतेक इस्रायलला गेले. तिथेही मराठी टिकावी म्हणून त्यांनी ‘मायबोली’ नावाचे नियतकालिक चालवले. इझमीरहून आलेली लादिनो आजी आणि रेवदंड्याहून आलेली मराठी आजी एकाच देशात उतरल्या, आणि दोघींची नातवंडे हिब्रूत उत्तर देऊ लागली. लादिनोची काळजी ही फार लांबची काळजी नाही ती अशी.

दर अल्हादला

ग्रंथालये भरली, शब्दकोश झाले, आवाज साठवले गेले. त्याने भाषेचे कागद वाचतील. पण मूल शिंकल्यावर आपसूक तोंडात येणारा आशीर्वाद कागदातून येत नाही. वर्गात शिकलेला तरुण व्याकरण अचूक बोलतो, मात्र रागवायला आणि लाड करायला त्याला शब्द शोधावे लागतात. लादिनोच्या सगळ्या सेवकांना ही उणीव ठाऊक आहे.

म्हणून एक साधा उपक्रम सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. इझमीरमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या राकेल आमादो बोर्तनिक यांनी २००० पासून जगभरच्या लादिनो बोलणाऱ्यांना पत्रव्यवहारातून एकत्र आणले. अट एकच, लिहायचे ते लादिनोतच. २०२० मध्ये महामारीने सगळे घरात कोंडले गेले तेव्हा याच वर्तुळातून दर रविवारी पडद्यावर भेटण्याचा परिपाठ सुरू झाला. नाव दिले ‘एन्कोन्त्रोस दे अल्हाद’, रविवारच्या भेटी. इस्तंबूलची म्हातारी, अर्जेंटिनातला विद्यार्थी, इस्रायलमधली नात एका वेळी बोलू लागली. घरात ऐकणारे कोणी न उरलेल्या माणसाला पुन्हा ऐकणारे मिळाले. आणि त्या भेटींच्या नावात अरबीतला तो अहद अजून आहे.

अमानत म्हणजे आपल्याकडे ठेवायला दिलेली, आपली नसलेली वस्तू. ती जशीच्या तशी पुढे द्यायची असते. भाषा ही तशीच. ती आजीने घडवलेली नाही, तिच्याकडे कोणीतरी ठेवायला दिली होती. ती मागून घेणारा नातू समोर बसला पाहिजे, एवढेच. दख्खनी असो, कोकणी मुसलमानांची बोली असो, अहिराणी असो की वऱ्हाडी, प्रत्येक घरात अशी एक ठेव आहे. इफ्तारनंतर तरावीहला निघण्याआधीची दहा मिनिटे, किंवा ईदच्या दिवशी शीरखुर्म्याची वाटी हातात असताना, आजीला तिच्या लहानपणीची एखादी गोष्ट तिच्याच बोलीत सांगायला लावावी. आणि मुख्य म्हणजे तिला उत्तरही त्याच बोलीत द्यावे, मोडके-तोडके का होईना.

लादिनोत एक वाक्प्रचार आहे: ‘कामिनान्दो इ अव्लान्दो’. चालत-चालत, बोलत-बोलत. काम अडले, वाट लांब निघाली की ती माणसे असे म्हणत आणि पुढे निघत. पाचशे वर्षे ती अशीच चालली आहेत.